कोका-कोलाच्या अक्षरांमागचा माणूस : प्लॅट रॉजर्स स्पेन्सर

कोका-कोलाचा लोगो डोळ्यांसमोर आणा. ती तिरकी, लांब शेपटीची अक्षरं कंपनीच्या जन्माआधीच अमेरिकेतली मुलं शाळेत गिरवत होती. या वळणाला स्पेन्सेरियन म्हणतात. ते घडवणारा माणूस म्हणजे प्लॅट रॉजर्स स्पेन्सर.

स्पेन्सरचा जन्म १८०० सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील लवकर गेले आणि १८१० मध्ये कुटुंब ओहायोच्या जंगली मुलुखात राहायला आलं. तिथे कागद मिळणं मुश्कील. मग पोराने वाळू, बर्फ, झाडाची साल, जे मिळेल त्याची धूळपाटी केली. किशोरवयातच तो इतरांना अक्षर शिकवू लागला.

त्या काळी पत्रं, हिशेबाच्या वह्या, सगळं हातानेच लिहिलं जाई. प्रचलित इंग्रजी वळण सुंदर होतं, पण संथ. व्यापाराला वेग हवा होता. स्पेन्सरने लंबगोलावर आधारलेली तिरकी अक्षरं तयार केली. एरी सरोवराच्या काठचे गुळगुळीत गोटे पाहून त्याला ती सुचली, असं सांगतात. हात हलका ठेवला की रेघ केसासारखी बारीक, टोकदार निब दाबली की जाड. लिहिणं जलद आणि देखणंही.

पण याच हाताला दारूचं व्यसन लागलं. धर्मोपदेशक व्हायचं स्वप्न त्यात बुडालं. अखेर त्याने दारू कायमची सोडली आणि पुढे दारूबंदीचा प्रचारही केला. ओहायोतल्या जिनिव्हा गावी लाकडी ओंडक्यांच्या खोपटात त्याने शाळा चालवली. १८४८ मध्ये व्हिक्टर राइससोबत कित्ते छापले. १८६४ मध्ये तो गेला. मुलांनी १८६६ मध्ये या पद्धतीचं पुस्तक काढलं. नंतर टाइपरायटर आला, पामरची सोपी पद्धत आली आणि शाळांतून हे वळण हळूहळू गेलं.

आज ते फॉन्टच्या रूपात उरलंय. लग्नपत्रिका, प्रमाणपत्र, दुकानाचं नाव अशा मोजक्या मोठ्या शब्दांना ते शोभतं. मात्र मोबाइलवर बारीक आकारात त्याच्या नाजूक रेघा पुसट होतात. इंग्रजी शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिला, तर वेलांट्या एकमेकींत अडकतात आणि वाचताच येत नाही. त्यामुळे नाव या फॉन्टमध्ये आणि पत्ता-तारीख साध्या फॉन्टमध्ये, हे बरं.

आता पुन्हा त्या लोगोकडे. अटलांटात दारूबंदी आली, तेव्हा जॉन पेंबर्टनने आपल्या वाइनयुक्त पेयाऐवजी बिनदारूचं पेय बनवलं. १८८६ मध्ये त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सनने त्याला कोका-कोला हे नाव दिलं आणि ते स्पेन्सेरियन वळणात लिहिलं. दारू सोडलेल्या मास्तरांचं अक्षर असं बिनदारूच्या बाटलीवर जगभर पोहोचलं.