एला बेकर

अमेरिकेच्या दक्षिण भागात एके काळी कृष्णवर्णीयांना उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसून खाण्याचीही बंदी होती. या अन्यायाशी आयुष्यभर झुंजणाऱ्या एला बेकर यांचा जन्म १९०३ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांची आजी गुलामगिरीत वाढलेली. मालकाने ठरविलेल्या पुरुषाशी विवाह करण्याचे नाकारल्यामुळे तिने चाबकाचे फटके सोसले होते. तिच्या तोंडून अशा हकीकती ऐकताना स्वाभिमानाचे बाळकडू एलांना घरीच मिळाले. १९२७ साली शॉ विद्यापीठाची पदवी घेऊन पुढे त्यांनी गावोगाव हिंडून आपल्या बांधवांना संघटित केले.

१९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहातील गोऱ्यांच्या जागी शांतपणे जाऊन बसले. पाहता पाहता हा सत्याग्रह शहरोशहरी पसरला. या विखुरलेल्या मुलांना एकत्र आणण्यासाठी एलांनी एप्रिलमध्ये शॉ विद्यापीठात परिषद भरविली. शाळा-महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी तेथे जमले. त्यांनी आपल्या संस्थेची शाखा व्हावे, अशी वडीलधाऱ्या पुढाऱ्यांची इच्छा होती. एला त्याच संस्थेत नोकरीस होत्या. तरीही त्यांनी विरोध केला. मुलांनी आपले निर्णय आपणच घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. अखेर विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९६४ साली सार्वजनिक स्थळांतील वर्णभेद कायद्याने बंद झाला, त्यात या तरुणांचा मोठा वाटा होता.

१९८६ साली एला निवर्तल्या. स्वतः मागे राहून त्यांनी इतरांना पुढे होण्याचे बळ दिले.