हिरे विकून लढलेला साविम्बी

संयुक्त राष्ट्रांनी अमक्या देशातल्या बंडखोरांवर निर्बंध लादले, अशी बातमी दिसली की तुम्ही काय करता? खरं सांगा, पुढे सरकता. पण हे निर्बंध म्हणजे नेमकं काय असतं आणि ते का फसतात, हे समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य बघा. जोनास साविम्बी. तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधीच तो गेला.

अंगोलातल्या मुन्यांगो या रेल्वे स्टेशनच्या गावी १९३४ साली त्याचा जन्म झाला. राज्य पोर्तुगीजांचं. वडील स्टेशनमास्तर आणि धर्मप्रचारकही. पोरगा हुशार. शिष्यवृत्तीवर लिस्बनला डॉक्टर व्हायला गेला, तिथे राजकारणात पडला, पोलिसांचा ससेमिरा लागला तसा स्वित्झर्लंडला निसटला. वैद्यकीचं शिक्षण अर्धवटच राहिलं. चीनमध्ये तो गनिमी युद्ध शिकला आणि १९६६ मध्ये अंगोलाच्या मोशिको प्रांतात त्याने ‘युनिटा’ ही संघटना उभी केली.

१९७५ मध्ये पोर्तुगीज गेले आणि स्वातंत्र्यासाठी लढणारेच एकमेकांवर तुटून पडले. राजधानी लुआंडा ‘एमपीएलए’कडे, त्यांच्या पाठीशी सोव्हिएत संघ आणि क्युबाचं सैन्य. साविम्बीने मदत घेतली ती अमेरिकेची आणि चक्क वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची. गोऱ्यांविरुद्ध लढायला निघालेला, चीनमध्ये शिकलेला हा माणूस १९८६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये रेगन यांना भेटत होता! अर्थात समोरचं सरकारही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. समुद्रातल्या तेलाचा पैसा त्यांच्याकडे होता, आणि तो सामान्य माणसापर्यंत फारसा पोहोचत नव्हता.

शीतयुद्ध संपलं, समझोता झाला, सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली. दुस सांतुश यांना सुमारे ४९.६ टक्के मतं, साविम्बीला ४०. दुसरी फेरी व्हायची होती. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी मतदान एकूण योग्य ठरवलं, पण साविम्बीने फसवणुकीचा आरोप करत पुन्हा बंदूक उचलली. पुढच्या वर्षी हुआंबो शहर ५५ दिवस लढाईत होरपळलं.

इथून निर्बंध सुरू होतात. सप्टेंबर १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने युनिटाला शस्त्रं आणि इंधन विकायला बंदी घातली. गंमत बघा, बंदी एका देशावर नाही, एका संघटनेवर! १९९७ मध्ये तिच्या बड्या पुढाऱ्यांचा आणि त्यांच्या प्रौढ कुटुंबीयांचा परदेशप्रवास बंद, परदेशातली कार्यालयं बंद. १९९८ मध्ये परदेशातले पैसे गोठवले आणि सरकारी प्रमाणपत्राशिवाय अंगोलातला हिरा घेऊ नका, असं जगाला सांगितलं.

कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात? कुआंगो नदीच्या खोऱ्यातल्या खाणी साविम्बीच्या हातात होत्या. ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेच्या अंदाजानुसार १९९२ ते १९९८ या काळात युनिटाने हिऱ्यांतून सुमारे ३७० कोटी डॉलर मिळवले. मूठभर हिरे खिशात मावतात, त्यांना बँक लागत नाही. खातं गोठवून काय होणार?

मग १९९९ मध्ये निर्बंध समितीची सूत्रं कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर यांच्याकडे आली. मार्च २००० मध्ये तज्ज्ञांचा अहवाल आला आणि त्यात थेट नावं होती. टोगो आणि बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष साविम्बीला मदत करतात, बल्गेरियातून शस्त्रं निघतात, अँटवर्पच्या हिरेबाजारात कोणी नीट विचारत नाही. शस्त्रं आमच्याच सैन्यासाठी हवीत, अशी कागदी हमी दाखवायची आणि माल युनिटाकडे वळवायचा, ही त्यातली युक्ती. संबंधितांनी आरोप नाकारले, आदळआपटही झाली. पण नाव छापलं जाऊ शकतं म्हटल्यावर साविम्बीशी व्यवहार करणं महाग पडू लागलं. सात वर्षांत जे झालं नव्हतं ते नावं घेतल्यावर होऊ लागलं, असं मला वाटतं.

त्याआधीच, १९९९ मध्ये, सरकारी फौजांनी त्याचे बालेकिल्ले बैलुंडू आणि आंदुलो घेतले होते. आता तो रानोमाळ पळत होता. २२ फेब्रुवारी २००२ रोजी सैनिकांनी त्याला गाठून मारलं, त्याच मोशिको प्रांतात. वय ६७. सहा आठवड्यांत, ४ एप्रिलला, युद्धबंदीवर सह्या झाल्या. २७ वर्षांत अंदाजे पाच लाख माणसं गेली होती. डिसेंबरमध्ये निर्बंध उठले.

तेव्हा युद्ध निर्बंधांनी थांबवलं असं म्हणता येणार नाही, गोळीने थांबलं. पण पळणाऱ्या माणसाकडे डिझेल आणि दारूगोळा कमी असणं, यात त्यांचा वाटा होता.

या सगळ्यातून २००३ मध्ये ‘किंबर्ले प्रक्रिया’ सुरू झाली. मुंबईत उतरून सुरतेत पैलू पाडायला जाणाऱ्या कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक खेपेसोबत आज तिचं प्रमाणपत्र लागतं. फक्त त्यातली ‘संघर्षाचा हिरा’ ही व्याख्या साविम्बीच्या मापाने बेतलेली आहे: बंडखोरांनी सरकार उलथवायला विकलेला, तेवढाच. खाणीवर सरकारी सैनिकांनीच माणसं मारली, तर तो हिरा या व्याख्येत बसत नाही. ‘ग्लोबल विटनेस’ २०११ मध्ये त्या प्रक्रियेतून बाहेर पडली.