वीजखात्यातले बाबासाहेब: नदी दोघांची, मग वीज कोणाची?

जळगावच्या पिंप्राळ्यात तुम्ही मोबाईल चार्जिंगला लावता, तेव्हा ती वीज भुसावळजवळच्या दीपनगरची, साक्रीच्या सोलरची की पार भूतानच्या नदीची, हे सांगता येत नाही. ग्रीडमध्ये सगळी एक होऊन जाते. हिशोब मात्र प्रत्येकाचा वेगळा ठेवावा लागतो. हा हिशोब आपल्याकडे ज्यांनी अगदी सुरुवातीला हातात घेतला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. संविधान, चवदार तळं आपण शाळेत वाचतो. हे खातं राहूनच जातं.

1891 साली महूला जन्म, मग कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास. खानदेशाशीही नातं होतं. 1937 मध्ये कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात होता. तिथे आजही 31 जुलैला यात्रा भरते.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खातं, पण सिंचन आणि विजेचं नियोजनही त्यातच! पुढच्याच वर्षी दामोदर नदीला महापूर आला. कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे आणि रस्ता तुटला.

खरी गुंतागुंत इथेच होती. नदी उगम पावते तेव्हाच्या बिहारात आणि पूर येतो बंगालात. धरण बांधायचं तर वर, म्हणजे जमीन बुडणार बिहारची आणि वाचणार बंगाल. मग बिहारने का ऐकावं? बाबासाहेबांनी नुसते बांध उंच करायचा जुना मार्ग सोडला. त्यांचा आग्रह असा, की एकाच प्रकल्पातून पूर थांबवा, शेतीला पाणी द्या आणि वीजही काढा, म्हणजे दोघांच्याही पदरात काहीतरी पडेल. अमेरिकेत टेनेसी नदीवर अनेक राज्यांत मिळून असं काम चालू होतं, तिथला इंजिनीअर बोलावला. जानेवारी 1945 मध्ये दोन्ही प्रांतांना कलकत्त्यात एकत्र बसवलं. विजेच्या नियोजनासाठी तांत्रिक बोर्ड 1944 मध्ये आणि पाण्यासाठी केंद्रीय आयोग 1945 मध्ये उभा राहिला.

1946 मध्ये त्यांनी खातं सोडलं. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन आलं 1948 मध्ये. (पुढे तिची बरीचशी वीज पाण्यापेक्षा कोळशातूनच आली, तो भाग वेगळा.) संविधानात वीज समवर्ती सूचीत गेली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही अधिकार. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले, तेव्हा देशभराचं एकच ग्रीड व्हायला अजून 57 वर्षं होती.

आता हाच पेच देशांच्या सीमेवर आहे. भूतानने 336 मेगावॅटचा चुखा प्रकल्प 1980 च्या दशकात भारताच्या मदतीने उभा केला आणि उरलेली वीज भारतालाच विकली. 2013 पासून भारतातून बांगलादेशला वीज जाते. नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॅट जलविद्युत भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोहोचली. तीन देश, तीन चलनं, एक लाईन.

आणि घरचं उदाहरण हवं तर सरदार सरोवर घ्या. धरण गुजरातेत. महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के वीज. त्यासाठी बुडिताखाली आलेली 33 गावं तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या नंदुरबारची.