बुगाटी : दुर्मीळतेची किंमत मोजणारा कारागीर

ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी शर्यतपटू व मोटारसंग्राहकाने १९५० साली फ्रान्समध्ये दोन जुन्या मोटारींचा सौदा केला. रोख रकमेबरोबर त्याने विकणाऱ्या कुटुंबाला दोन कोरे रेफ्रिजरेटरही दिले. महायुद्धात होरपळलेल्या फ्रान्समध्ये रेफ्रिजरेटर ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू होती. युद्धकाळात जर्मनांच्या नजरेपासून भिंतीआड दडवून ठेवलेल्या त्या अवाढव्य मोटारींना मात्र गिऱ्हाईक मिळत नव्हते. त्याच दोहोंपैकी एक मोटार १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावाला आली आणि ५५ लाख पौंडांना गेली. लिलावात तोवर कोणत्याही मोटारीला इतकी किंमत आली नव्हती.

ती मोटार होती बुगाटी रॉयाल. या मालिकेच्या जेमतेम सहा मोटारी तयार झाल्या आणि त्यांतल्या तीनच विकल्या गेल्या. आज अतिवेगवान व अतिमहाग मोटारींच्या बाजारात मोजक्याच प्रती काढण्याची रीत रूढ आहे. संख्या आधी जाहीर करायची आणि मग त्या संख्येचीच किंमत घ्यायची, असा हा व्यवहार आहे. या दुर्मीळतेचे मूळ ज्यांच्या नावाशी जोडले जाते, त्या एत्तोरे बुगाटी यांच्या आयुष्यात मात्र ती कधी ठरवून आली नाही. मंदी, मृत्यू आणि महायुद्ध यांनी ती त्यांच्यावर लादली.

कलावंतांच्या घरातला यंत्रवेडा

एत्तोरे यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. वडील कार्लो हे नामवंत फर्निचर रचनाकार. आत्याचे यजमान जोवान्नी सेगान्तिनी हे त्या काळातले मोठे चित्रकार. धाकटा भाऊ रेम्ब्रांट पुढे प्राण्यांच्या शिल्पांसाठी प्रसिद्धीस आला. अशा घरात थोरल्या मुलानेही कलेकडे वळावे, हे स्वाभाविक होते. पण एत्तोरे यांचे मन यंत्रात रमले. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते प्रिनेत्ती आणि स्तुक्की या सायकली व तीनचाकी बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. १९०१ मध्ये त्यांनी स्वतः रचलेली मोटार मिलानच्या प्रदर्शनात वाखाणली गेली. तिची कीर्ती अल्सासमधील द दित्रीश या कंपनीपर्यंत पोहोचली आणि १९०२ मध्ये तिने त्यांना करारबद्ध केले. एत्तोरे तेव्हा कायद्याने सज्ञानही नव्हते. करारावर वडिलांना सही करावी लागली.

पुढची सात वर्षे त्यांनी इतरांसाठी मोटारी रचल्या. कोलोनच्या डॉइट्झ कंपनीत असताना राहत्या घराच्या तळघरात त्यांनी एक छोटी, हलकी मोटार तयार केली. अस्सल रक्ताच्या घोड्यांची त्यांना जबर आवड होती. या मोटारीलाही त्यांनी त्याच अर्थाचे फ्रेंच नाव दिले. अवजड यंत्राला अधिक ताकद देण्यापेक्षा त्याचे वजन कमी करावे, हा त्यांचा विचार या मोटारीत प्रथम स्पष्ट दिसला. १९०९ च्या अखेरीस त्यांनी अल्सासमधील मोल्सहाइम या गावी एक बंद पडलेला रंगाचा कारखाना घेतला आणि स्वतःची कंपनी उभी केली.

अल्सास प्रांत तेव्हा जर्मनीच्या अमलाखाली होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे परत गेला. जन्माने इटालियन, कारखाना जर्मन हद्दीत उभारलेला आणि कीर्ती फ्रेंच, अशी एत्तोरे यांची स्थिती होती. या तिहेरी ओळखीने पुढे त्यांच्या आयुष्याची अखेर कडवट केली. युद्धकाळात ते पॅरिसमध्ये विमानांच्या इंजिनांची रचना करत असताना, जानेवारी १९१६ मध्ये, रेम्ब्रांटने आत्महत्या केली. तो अवघा एकतीस वर्षांचा होता.

निळ्या मोटारींचे दशक

१९२१ मध्ये इटलीतील ब्रेशा येथील शर्यतीत बुगाटी मोटारींनी पहिले चारही क्रमांक पटकावले. १९२४ मध्ये लिआँ येथील फ्रेंच ग्राँप्रीमध्ये टाइप ३५ ही मोटार उतरली. घोड्याच्या नालेसारखी समोरची जाळी, ॲल्युमिनियमची ओतीव चाके आणि फ्रान्सचा निळा रंग ही तिची ओळख. पहिल्या शर्यतीत टायरांनी दगा दिला; पण त्यानंतर तिने युरोप गाजवला. सिसिलीतील खडतर तार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटींनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९२९ मधल्या पहिल्या मोनॅको ग्राँप्रीचा मानही याच मोटारीला मिळाला. लहानमोठ्या शर्यतींतील तिचे विजय हजाराच्या वर मोजले जातात.

मोल्सहाइमचा कारखाना हा त्या दिवसांत एखाद्या संस्थानासारखा होता. एत्तोरे घोड्यावर बसून आवारात फेरी मारत. मोटार घेण्यास आलेल्या ग्राहकांच्या मुक्कामासाठी त्यांनी वसतिगृह उभारले होते. धाकटा मुलगा रोलाँ याच्यासाठी त्यांनी टाइप ३५ ची विजेवर चालणारी निम्म्या आकाराची प्रतिकृती केली. पाहुण्यांना ती इतकी आवडली, की ती विक्रीलाही आली. कामगारांशी नातेही त्यांच्या मते मालक-नोकराचे नसून वडीलधाऱ्याचे होते. ही समजूत किती एकतर्फी होती, हे त्यांना पुढे कळायचे होते.

पांढरा हत्ती

यशाच्या या भरात एत्तोरे यांनी जगातली सर्वांत भव्य मोटार काढण्याचे ठरवले. राजेमहाराजांनी घ्यावी, म्हणून तिचे नाव रॉयाल. सुमारे १२.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, साडेसहा मीटरांच्या जवळ जाणारी लांबी, तीन टनांहून अधिक वजन. नुसत्या चासीची किंमतच तीस हजार डॉलरच्या घरात होती. पुढच्या टोकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला चांदीचा हत्ती बसवला होता. तो दिवंगत रेम्ब्रांटच्या शिल्पावरून घडवलेला होता. एरवी बुगाटी मोटारींवर असे बोधचिन्ह नसे. या एका मोटारीवर एत्तोरे यांनी भावाची आठवण मिरवली.

पंचवीस मोटारींचा बेत होता. पण १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदीची लाट युरोपवर आदळली. एकाही राजाने रॉयाल घेतली नाही. पहिली विकली गेली १९३२ मध्ये, आर्माँ एस्देर या कापड व्यवसायातील धनिकाला. रात्री मोटार चालवायचीच नाही म्हणून त्याने ती दिव्यांशिवाय करून घेतली. दुसरी एका जर्मन प्रसूतितज्ज्ञाने घेतली, तिसरी एका धनाढ्य इंग्रजाने. उरलेल्या तीन बुगाटी कुटुंबाकडेच राहिल्या. चांदीचा हत्ती मिरवणारी मोटार अक्षरशः पांढरा हत्ती ठरली.

या हत्तीने कारखाना बुडवला नाही, याचे श्रेय एत्तोरे यांच्या कल्पकतेला जाते. पंचवीस मोटारींसाठी योजलेल्या त्या प्रचंड इंजिनांसाठी त्यांनी नवा मार्ग शोधला. १९३३ पासून त्यांनी ती फ्रेंच रेल्वेच्या वेगवान डब्यांमध्ये बसवली. काही डब्यांत दोन, तर काहींत चार इंजिने असत. यांतल्या एका डब्याने १९३४ मध्ये ताशी १९६ किलोमीटरचा वेग गाठला. राजांसाठी घडवलेले यंत्र अशा रीतीने तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशांच्या सेवेला लागले आणि मोल्सहाइमची चूल पेटती राहिली. हे डबे १९५८ पर्यंत धावत होते.

मुलाच्या हातातली रेघ

थोरला मुलगा जाँ १९०९ मधला. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. तो कारखान्यातच घडला. वडिलांचा हात यंत्रावर, तर मुलाची नजर आकारावर होती. एत्तोरे आपल्या मतांना चिकटून राहणारे. इंजिनातील दुहेरी कॅमशाफ्टची रचना असो वा द्रवदाबावर चालणारे ब्रेक, प्रत्येक नव्या गोष्टीसाठी जाँ याला वडिलांचे मन वळवावे लागे. १९३४ मध्ये आलेली टाइप ५७ ही मोटार प्रामुख्याने जाँ याची. तिच्या सुमारे ७०० प्रती निघाल्या. बुगाटींच्या हिशेबाने ही संख्या मोठी होती.

याच मोटारीच्या बुटक्या, अधिक वेगवान आवृत्तीवर जाँ याने अटलांटिक रचली. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनातील तिच्या पूर्वरूपाचे अंग मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूचे होते. हा धातू जोडकामाच्या उष्णतेने पेट घेतो. म्हणून दोन अर्धांगे शिवणीसारख्या उभ्या पट्टीवर रिव्हेट मारून जोडली गेली. प्रत्यक्ष अटलांटिक ॲल्युमिनियमची झाली आणि शिवणीची गरज उरली नाही. जाँ याने ती तरीही ठेवली. टपापासून शेपटापर्यंत गेलेली ती पट्टी आजही या मोटारीची खूण आहे.

१९३६ ते १९३८ या काळात अटलांटिकच्या फक्त चार मोटारी तयार झाल्या. एक लंडनच्या व्हिक्टर रोथशिल्ड यांच्याकडे गेली. एक १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वेखाली सापडून चिरडली आणि पुढे अवशेषांतून पुन्हा उभी केली गेली. चौथी मोटार पुढे अमेरिकी वस्त्ररचनाकार राल्फ लॉरेन यांच्या संग्रहात विसावली. राहिली ती जाँ याने स्वतः वापरलेली काळी मोटार. जर्मन सैन्य जवळ येताच कारखान्यातील मोटारी बोर्दोकडे रेल्वेने हलवण्यात आल्या. त्या यादीनंतर काळ्या अटलांटिकचा माग लागत नाही.

एकामागून एक आघात

जून १९३६ मध्ये फ्रान्सभर संपांची लाट उसळली आणि मोल्सहाइमच्या कामगारांनीही कारखान्याचा ताबा घेतला. स्वतःला कुटुंबप्रमुख समजणाऱ्या एत्तोरे यांच्या जिव्हारी हा घाव लागला. ते पॅरिसला निघून गेले आणि कारखान्याची धुरा सत्ताविशीतल्या जाँ याच्यावर आली. त्याने ती समर्थपणे पेलली. १९३७ व १९३९ मध्ये बुगाटी मोटारींनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

जाँ याने स्वतः शर्यतीत उतरू नये, असा वडिलांचा दंडक होता. मुलाच्या जिवाची त्यांना काळजी होती. मोटारींची चाचणी घेण्यास मात्र मनाई नव्हती. ११ ऑगस्ट १९३९ च्या रात्री ल मान्स जिंकलेलीच मोटार घेऊन जाँ कारखान्याजवळच्या रस्त्यावर चाचणीला निघाला. रहदारीला बंद केलेल्या त्या रस्त्यावर अचानक एक सायकलस्वार आला. त्याला वाचवण्यासाठी जाँ याने मोटार वळवली आणि ती झाडावर आदळली. तो तीस वर्षांचा होता. तीन आठवड्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

जर्मनांनी अल्सास घेतल्यावर एत्तोरे यांना कारखाना १५ कोटी फ्रँकना विकणे भाग पडले. युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने तोच कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला. मालक इटालियन नागरिक आणि विक्री जर्मनांना, असा दुहेरी ठपका होता. ज्यांच्या निळ्या मोटारींनी फ्रान्सचा झेंडा दशकभर मिरवला, त्यांना आपली निष्ठा न्यायालयात सिद्ध करावी लागली. १९४४ मध्ये पत्नीचे निधन झाले. १९४६ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतले. जून १९४७ मध्ये कोलमारच्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण तो समजण्याच्या अवस्थेत ते उरले नव्हते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. मोल्सहाइमलगतच्या दोर्लिसहाइम गावी, कुटुंबीयांच्या सान्निध्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

भंगारातून संग्रहालयात

मागे उरलेली कंपनी १९६३ मध्ये विकली गेली. मोटारींचे नशीब मात्र नंतर उजळले. जर्मन डॉक्टरची रॉयाल त्याच्याबरोबर शांघायमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली होती. तिथल्या थंडीत इंजिनातले पाणी गोठून ते तडकले आणि मोटार भंगारात गेली. जनरल मोटर्सच्या एका अभियंत्याने ती काही शे डॉलरना घेऊन दुरुस्त केली. आज ती मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. अन्य दोन रॉयाल अल्सासमधीलच म्युलूझच्या संग्रहालयात आहेत. सहापैकी एकही नष्ट झाली नाही.

बुगाटी हे नाव १९९८ मध्ये फोक्सवॅगनने घेतले. २००५ मध्ये आलेल्या मोटारीला १९३९ चा ल मान्सविजेता प्येर वेरोन याचे नाव दिले गेले. वेरोनच्या ४५०, त्यानंतरच्या शिरोनच्या ५०० आणि काही खास आवृत्त्यांच्या ४० किंवा दहाच प्रती ठरवून काढण्यात आल्या. २०१९ मध्ये हरवलेल्या काळ्या अटलांटिकच्या स्मरणार्थ एकच मोटार घडवण्यात आली. करांखेरीज तिची किंमत १ कोटी १० लाख युरो होती आणि ती दाखवण्यापूर्वीच विकली गेली होती.

एत्तोरे यांना पंचवीस रॉयाल विकायच्या होत्या. सहा करून ते थांबले, कारण जगाला त्या नको होत्या. आजचा ग्राहक ज्या दुर्मीळतेसाठी कोट्यवधी मोजतो, तिची खरी किंमत मोल्सहाइमच्या एका कुटुंबाने कधीच चुकती केली आहे.