अपरिग्रह आणि राज्यसत्ता : धर्मानंद कोसंबी यांचे लेनिनग्राडमधील वास्तव्य

धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांच्या चरित्राचा विचार होतो तेव्हा अभ्यासकांचे लक्ष सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि हार्वर्ड यांकडे वळते. १९२९-३० मधील लेनिनग्राडच्या वास्तव्याची दखल बहुधा एकदोन वाक्यांत घेतली जाते. कालावधीच्या दृष्टीने हे वास्तव्य अल्प होते, हे खरे. परंतु ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या ग्रंथातील भूमिका कशातून घडली हे पाहावयाचे असेल, तर ते दुर्लक्षून चालत नाही.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंदांचे शालेय शिक्षण नाममात्रच झाले. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. प्रथम पुणे, तेथे रा. गो. भांडारकरांचे मार्गदर्शन, मग काशीच्या अन्नछत्रात जेवून केलेले संस्कृताध्ययन, नेपाळ, बोधगया, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप, असा हा प्रवास. तो जवळजवळ निष्कांचन अवस्थेत झाला, ही गोष्ट केवळ चरित्राला रंग भरणारी मानू नये. अपरिग्रह हे तत्त्व ते ग्रंथांत वाचण्यापूर्वी जगले होते. पुढेही कलकत्ता विद्यापीठातील नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) हे त्या काळातील पुस्तक.

१९१० ते १९१२ या हार्वर्डच्या पहिल्या वास्तव्यात, ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम चालू असताना, त्यांनी समाजवादी वाङ्मय वाचले. भिक्षुसंघात वैयक्तिक मालमत्तेला स्थान नाही. मग समाजातच ते का असावे, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला असे दिसते. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी त्यांना येथे लाभले आणि पुणे हे पाली अध्ययनाचे केंद्र बनले. त्यानंतर पुन्हा हार्वर्ड, गुजरात विद्यापीठ, पुन्हा हार्वर्ड. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ चे. साहजिकच रशिया त्यात नाही.

लेनिनग्राडला पाली शिकविण्यासाठी ते १९२९ मध्ये गेले. बौद्धविद्येचे तेवढे समृद्ध केंद्र त्या वेळी युरोपात क्वचितच असेल. सेर्गेई ओल्डेनबुर्ग यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ ही ग्रंथमाला झारशाहीतून क्रांतीच्या काळात सुखरूप पोहोचली होती. १९१९ च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्ध आणि उपासमार चालू असताना, त्याच शहरात बौद्ध कलेचे प्रदर्शन भरले होते. ‘बुद्धिस्ट लॉजिक’चे कर्ते फ्योदर श्चेर्बात्स्की १९१०-११ मध्ये भारतात येऊन पंडितांजवळ न्यायशास्त्र शिकून गेले होते, त्यांच्या नेतृत्वाखाली १९२८ मध्ये बौद्ध संस्कृतीची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. नेवा नदीच्या परिसरात बुर्यात लामा अग्वान दोर्जिएव यांच्या प्रयत्नांनी उभारलेले बौद्ध मंदिरही होते. ईश्वर न मानणारा धर्म नव्या राजवटीला इतर धर्मांइतका परका वाटू नये, अशी या विद्वानांची आशा होती.

धर्मानंद तेथे होते तो काळ मात्र सोव्हिएत इतिहासातील वळणाचा होता. पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. १९२९ च्या आरंभीच ब्रेडचे रेशनिंग लागू झाले. ८ एप्रिल १९२९ च्या कायद्याने धार्मिक संस्थांना पूजाविधीपलीकडचे कार्य, म्हणजे शिक्षण, ग्रंथालये, गरिबांना साहाय्य, निषिद्ध ठरले. त्याच वर्षीच्या शरदात अखंड उत्पादनासाठी पाच दिवसांचा आठवडा आला. कामगारांचे पाच गट पाडण्यात आले, प्रत्येकाला वेगळा रंग आणि वेगळा सुटीचा दिवस मिळाला. रविवार हा सर्वांच्या सुटीचा दिवस म्हणून संपला. पतीची सुटी एका दिवशी आणि पत्नीची दुसऱ्या, असे घराघरांत होऊ लागले. एखाद्या राजवटीचा संस्कृतीवरील परिणाम आपण बहुधा ग्रंथबंदी आणि कवींचे तुरुंगवास यांवरून मोजतो. येथे पंचांगच बदलले होते. सणवार, भेटीगाठी, प्रार्थना या साऱ्यांचा आधार काळाची सामाईक वाटणी हा असतो. तो काढून घेतल्यावर निराळ्या बंदीची गरज फारशी उरत नाही.

याच शरदात विज्ञान अकादमीची ‘शुद्धी’ झाली. जानेवारी १९२९ मध्ये अकादमीच्या सदस्यांनी तीन साम्यवादी उमेदवारांना नाकारण्याचे धैर्य दाखविले, पण काही आठवड्यांतच दडपणाखाली त्यांना निवडून घेतले. ऑक्टोबर १९२९ मध्ये ओल्डेनबुर्ग यांना पंचवीस वर्षे सांभाळलेल्या स्थायी सचिवपदावरून दूर करण्यात आले. अनेक कर्मचारी कामावरून काढले गेले. १९३० च्या जानेवारीत इतिहासकार प्लातोनोव यांना अटक झाली. बौद्ध संस्कृतीची संस्थाही १९३० मध्येच प्राच्यविद्यासंस्थेत विलीन होऊन आपले स्वतंत्र अस्तित्व गमावून बसली.

१९३० मध्ये धर्मानंद स्वदेशी होते आणि मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. वर्गीय शत्रूच्या उच्छेदाची भाषा जेथे राज्याची भाषा बनत होती, तेथून परतलेला हा पंडित शत्रूवर हात न उगारण्याची प्रतिज्ञा घेतलेल्यांत सामील झाला. साम्यवादाचा त्यांनी धिक्कार केला नाही. जमीन आणि संपत्ती समाजाची व्हावी, हे उद्दिष्ट त्यांना अखेरपर्यंत मान्य होते. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात वैदिक, श्रमण, पौराणिक आणि पाश्चात्य संस्कृतींचा परामर्श घेत ते ज्या निष्कर्षाला येतात, तो थोडक्यात असा : समाजवादाजवळ प्रज्ञा आहे पण अहिंसा नाही, गांधींच्या मार्गात अहिंसा आहे, तिला समाजवादाच्या प्रज्ञेची जोड हवी.

या मांडणीचे मोल मान्य करूनही तिच्यातील एक उणीव नोंदवावी लागते. रशियाचा दोष धर्मानंद मुख्यतः हिंसेत पाहतात. मालमत्ता व्यक्तीकडून काढून राज्याच्या हाती दिल्यानंतर शाळा, छापखाना, ग्रंथालय आणि पंडिताची भाकरी ही सारी एकाच धन्याची होतात, या बाजूकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गंमत अशी, की हे समजण्याचे साधन त्यांनी स्वतःच त्या ग्रंथात दिले आहे. श्रमणसंघाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना ते राजाश्रयाकडे बोट दाखवितात. विहारांना जमिनी आणि देणग्या मिळाल्या, त्या राखण्यासाठी राजांची मर्जी सांभाळणे भाग पडले आणि संघाचा लोकांशी असलेला संबंध तुटला. भिक्षू वैयक्तिकरीत्या अपरिग्रहीच राहिला, परिग्रही झाला तो विहार. लेनिनग्राडच्या अकादमीला हेच निदान तंतोतंत लागू पडते. ते लावण्याचे काम मात्र त्यांनी केले नाही.

पुढील घटनांनी ते निदान खरे ठरविले. लेनिनग्राडचे मंदिर १९३५ मध्ये बंद झाले. श्चेर्बात्स्कींचे शिष्य आंद्रेई वोस्त्रिकोव आणि रवींद्रनाथांचे रशियन अनुवादक मिखाइल तुब्यान्स्की या दोघांनाही १९३७ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. दोर्जिएव १९३८ मध्ये कैदेत असताना वारले. बुर्यातांची जुनी मोंगोल लिपी जाऊन प्रथम रोमन आणि १९३९ मध्ये रशियन लिपी आली. नातवाला आजोबांची पोथी वाचता येईनाशी झाली. मोडी लिपी विसरलेल्या मराठी समाजाला या हानीचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, जरी मोडीच्या अस्तामागे अशी दहशत नव्हती. स्वतः श्चेर्बात्स्की तुरुंगातून वाचले, पण युद्धकाळात कझाकस्तानात स्थलांतरित अवस्थेत १९४२ मध्ये त्यांचा अंत झाला.

धर्मानंदांची पुढील वर्षे काशी, मुंबईतील परळच्या कामगारवस्तीतला बहुजनविहार आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे लेखन यांत गेली. पुत्र दामोदर यांनी वडिलांच्या प्रश्नाला मार्क्सवादी वाटेने उत्तर शोधले; १९३३ पासून बारा वर्षे फर्ग्युसनमध्येच ते गणित शिकवीत होते. एकाच घरात, एकाच महाविद्यालयाच्या परिसरात हे दोन्ही विचार नांदले, हा मराठी वैचारिक इतिहासातील फारसा तपासला न गेलेला भाग आहे. शरीर समाजाला भार होऊ लागले असे वाटल्यावर धर्मानंदांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. त्यांनी संपादिलेला ‘विसुद्धिमग्ग’ हार्वर्डने १९५० मध्ये प्रसिद्ध केला. लेनिनग्राडच्या दडपशाहीत खंडित झालेली ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ १९६० मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचा पहिला नवा ग्रंथ पालीतून रशियनमध्ये आणलेले ‘धम्मपद’ हा होता.