बहुरूपी यंत्राचे जनक

पुण्यालगतचे सांगवी हे मुळा व पवना या नद्यांच्या सान्निध्यातील गाव. पूर्वी येथे शेतीवाडी होती. आज पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे येथे राहतात. त्या कारखान्यांतून जी वाहने बाहेर पडतात, त्यांत नखाएवढे लहान, परंतु हिशेब करणारे भाग बसविलेले असतात. इंजिनास इंधन किती द्यावे, चाक घसरू लागताच ब्रेकचा दाब केव्हा कमी करावा, हे तेच ठरवितात. त्यांना मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक, असे म्हणतात. काय करावयाचे याच्या आज्ञा त्यांना क्रमाने लिहून द्याव्या लागतात. त्या मालिकेस आज्ञावली हे नाव आहे. नवी आज्ञावली प्रत्यक्ष भागात घालण्यापूर्वी अभियंते पुष्कळदा तिची परीक्षा संगणकावर घेतात. त्या वेळी संगणक हाच सूक्ष्मनियंत्रकाचे सोंग घेतो. एका यंत्रास दुसऱ्या यंत्राचे सोंग घेता येते, हा विचार गणिताच्या भक्कम पायावर मांडणारे थोर पुरुष म्हणजे ॲलन ट्यूरिंग होत.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील ज्युलियस ट्यूरिंग हे हिंदुस्थानात मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईचे वडीलही मद्रासकडील रेल्वेत मुख्य अभियंता होते. वडिलांची नोकरी इकडे असल्यामुळे ॲलन व त्यांचे वडील बंधू जॉन यांना इंग्लंडात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवण्यात आले. त्यामुळे या बंधूंना आईबापांचा सहवास तुटक तुटकच लाभला.

वयाच्या तेराव्या वर्षी, १९२६ साली, ॲलन यांना शेरबोर्न येथील शाळेत घालण्याचे ठरले. ते साउदम्पटन बंदरात उतरले, तो देशभर संप सुरू झालेला! आगगाड्या बंद होत्या. शाळा तेथून सुमारे ६० मैल दूर होती. परंतु पहिला दिवस चुकवावयाचा नाही, असा या मुलाचा निश्चय होता. त्याने आपली सायकल काढली, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत हजर झाला.

शाळेत लॅटिन, ग्रीक इत्यादी भाषांना मोठा मान होता. ॲलन यांचा ओढा मात्र गणित व विज्ञान यांकडे होता. त्यांचे अक्षर वाईट, वह्या अव्यवस्थित. त्यामुळे सर्व गुरुजन त्यांच्यावर प्रसन्न नसत. ख्रिस्तोफर मॉर्कम नावाचा एक बुद्धिमान विद्यार्थी त्यांचा जिवलग मित्र झाला. दोघे तारे, रसायने आणि गणितातील कोडी यांविषयी तासन्‌तास बोलत. १९३० साली क्षयरोगाने ख्रिस्तोफर यांचे निधन झाले. हा घाव ट्यूरिंग यांच्या मनात खोल गेला. परंतु ते खचले नाहीत. मित्राच्या हातून जे कार्य व्हावयाचे होते ते आता आपण करावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

१९३१ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तेथील फेलो म्हणून निवडले गेले. त्या काळी एक प्रश्न गणितज्ञांना छळीत होता. गणितातील कोणतेही विधान सिद्ध करता येण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची एखादी ठराविक रीत असू शकेल काय? ट्यूरिंग यांनी प्रथम गणित करणाऱ्या माणसाचे निरीक्षण केले. तो कागदावरील चिन्ह पाहतो, नियम आठवतो, नवे चिन्ह लिहितो आणि पुढच्या चिन्हाकडे वळतो. हे तर यंत्रालाही करता येईल! चौकटी आखलेली एक लांबच लांब पट्टी, चिन्ह वाचणारा व लिहिणारा एक भाग आणि नियमांचे एक कोष्टक, एवढ्या सामग्रीचे एक यंत्र त्यांनी कल्पनेने उभे केले.

पुढची पायरी याहून विलक्षण होती. प्रत्येक कामासाठी निराळे यंत्र कशाला हवे? यंत्राचे नियमच जर पट्टीवर लिहून ठेवले, तर एकच यंत्र ते वाचून त्या यंत्राप्रमाणे वागू शकेल. आपल्याकडील बहुरूपी आज शिपायाचे, उद्या साधूचे सोंग घेतो. माणूस एकच, वेष निराळा. ट्यूरिंग यांचे हे सार्वत्रिक यंत्र असेच बहुरूपी होते. या विचारांचा त्यांचा निबंध १९३६ साली तयार झाला. मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांनी नकारार्थी दिले; अशी रीत असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्यातूनच पुढे हेही निष्पन्न झाले की, कोणतीही आज्ञावली शेवटास जाईल की अखंड चालूच राहील, हे सर्व बाबतींत आधीच सांगणारे यंत्र बनविता येणार नाही. म्हणूनच आज्ञावली चालवून पाहण्याला इतके महत्त्व आहे.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने गूढ लिपीत पाठवी. युद्ध सुरू होताच ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथे गुप्त कामावर रुजू झाले. पोलंडच्या गणितज्ञांनी या विषयात आधीच मोठी मजल मारली होती. त्या पायावर ट्यूरिंग यांनी एका नव्या यंत्राची योजना आखली व गॉर्डन वेल्चमन यांनी तीत सुधारणा केली. या यंत्रास बॉम्ब असे नाव होते. स्फोटाशी त्याचा काही संबंध नव्हता. असे एक यंत्र सामान्यतः ३६ एनिग्मा यंत्रांची नक्कल एकाच वेळी करी आणि शत्रूने त्या दिवशी चक्रे कशी लावली असतील याचा शोध घेई. समुद्रातील जहाजांना गाठणाऱ्या जर्मन पाणबुड्यांचे संदेश वाचता येऊ लागले आणि असंख्य खलाशांचे प्राण वाचले. हे काम इतके गुप्त होते की, ट्यूरिंग यांच्या हयातीत जगाला त्याची वार्ताही लागली नाही.

त्यांचा स्वभाव साधा, पण वागणे जगावेगळे होते. त्यांच्या सायकलची साखळी ठराविक फेऱ्यांनंतर निसटत असे. ती दुरुस्त करून घेण्याऐवजी ते पायटे मोजीत आणि नेमक्या क्षणी साखळी सावरीत! ते उत्तम धावपटूही होते. १९४७ साली त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटांत पुरी केली.

युद्धानंतर त्यांनी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसाठी एका संगणकाचा आराखडा तयार केला. यंत्र बांधून होण्यास विलंब लागला. पण त्यांनी त्यासाठी आज्ञावल्या आधीच लिहिण्यास प्रारंभ केला होता. १९४८ साली ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. बुद्धिबळ खेळण्याचे नियम त्यांनी एका मित्राच्या साहाय्याने रचले होते. ते पाळील असा संगणक जवळ नव्हता. तेव्हा १९५२ साली ट्यूरिंग स्वतःच संगणक झाले! समोर ॲलिक ग्लेनी खेळत होते. ट्यूरिंग कागदावरील नियमांप्रमाणे हिशेब करून चाल करीत. एकेका चालीस सुमारे अर्धा तास लागे. स्वतःची अक्कल मध्ये न आणता त्यांनी नियम सांगतील तेवढेच केले आणि २९ चालींत डाव गमावला. नियमांत काय उणे आहे हे मात्र या खेळाने उघड केले.

त्याच वर्षी त्यांच्यावर मोठे संकट आले. दोन पुरुषांमधील प्रेमसंबंध हा त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा मानला जाई. त्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना शरीरास अपाय करणारे औषधोपचार पत्करावे लागले. सरकारी गुप्तलेखनाचे कामही बंद झाले. ज्या देशासाठी त्यांनी आपली बुद्धी वेचली, त्या देशाने त्यांच्याशी असा व्यवहार केला. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विषामुळे त्यांचा अंत झाला. २००९ साली ब्रिटिश पंतप्रधानांनी या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली, २०१३ साली राजघराण्याकडून त्यांना मरणोत्तर माफी देण्यात आली आणि २०२१ साली ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र झळकले. झालेला अन्याय मान्य करावयास देशाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

त्यांचा विचार मात्र कधीच थांबला नव्हता. १९७५ साली अमेरिकेत पॉल ॲलन व बिल गेट्स या तरुणांना अल्टेअर नावाच्या नव्या लहान संगणकासाठी आज्ञावली लिहावयाची होती. तो संगणक त्यांच्यापाशी नव्हता. ॲलन यांनी एका मोठ्या संगणकास त्या लहान संगणकातील सूक्ष्मप्रक्रियकाचे सोंग घ्यावयास लावले आणि त्यावर पारखलेली आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालली.

आजही हीच रीत चालते. सूक्ष्मनियंत्रकातील प्रत्येक लहानमोठ्या खान्यासाठी संगणक आपल्या स्मरणात एक जागा राखतो. तो एकेक आज्ञा वाचतो, त्या भागाने जे केले असते तेच बदल त्या जागांत करतो आणि पुढील आज्ञेकडे वळतो. जेथे चूक आढळेल तेथे त्याला थांबविता येते. त्यामुळे सांगवीतील एखाद्या विद्यार्थ्याकडे सूक्ष्मनियंत्रक विकत घेण्यापुरते पैसे नसले, तरी घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर तो आज्ञावली लिहू शकतो. चूक झाली तर पडद्यावरचा दिवा लागत नाही, इतकेच. काही जळत नाही, काही मोडत नाही. तथापि नियम लिहिताना जे राहून गेले, ते नकलेतही उतरत नाही. म्हणून अखेरची परीक्षा खऱ्या भागावरच घ्यावी लागते. हातात यंत्र नसतानाही यंत्राचा विचार शेवटपर्यंत नेता येतो, हे ट्यूरिंग यांनी कागद, पेन्सिल आणि चिकाटी यांच्या बळावर जगाला दाखवून दिले.