गाणी थांबवणारे मंत्री आणि गावाला बोलता करणारा रेडिओ

जालना - आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करणारे मंत्री, एवढीच डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांची ओळख बहुतेकांच्या स्मरणात उरली आहे. ती खोटी नाही. अपुरी मात्र आहे. त्यांच्याच कारकिर्दीत मराठी खेड्यांतील शेतकऱ्यांचे प्रश्न आकाशवाणीपर्यंत पोहोचले आणि त्यांची उत्तरे रेडिओवरून मिळू लागली.

केसकरांचा जन्म 1903 मधला. काशी विद्यापीठ आणि पुढे पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले. परराष्ट्र खात्याचे उपमंत्रिपद सांभाळल्यावर 1952 मध्ये पं. नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते सोपवले. ते 1962 पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. अभिजात संगीताचे ते निस्सीम उपासक. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. गाण्यांचा वेळ घटला, चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले, निर्मात्यांनी प्रसारणाचे परवाने काढून घेतले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर 1957 मध्ये 'विविध भारती' सुरू करावी लागली. लोकांना काय आवडावे हे दिल्लीत बसून ठरवण्याचा तो हट्ट होता, असेच म्हणावे लागेल.

त्याच काळात, 1956 मध्ये, पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक वेगळाच प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडाची. पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत श्रोता मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम लागे. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत. शेती, आरोग्य, सहकार असे विषय असत. चर्चेत निघालेले प्रश्न निमंत्रक केंद्राकडे लिहून पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. असे एकूण 20 कार्यक्रम झाले.

टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल नॉयरॅथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना त्यांनी मंडळे नसलेल्या गावांशी केली. त्यांतही काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. गावात नुसता रेडिओ असून भागत नाही, ऐकल्यावर बोलणे घडले तरच माहिती मुरते, हे त्यातून स्पष्ट झाले. याचे श्रेय एकट्या केसकरांना देता येणार नाही. आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर यांचाही त्यात मोठा वाटा होता. शिवाय विषय मुख्यतः आकाशवाणीच ठरवी. गावाने प्रश्न विचारायचे, विषय मात्र वरून यायचा.

जालना, अंबड, भोकरदनच्या शेतकऱ्यांना मात्र तेवढीही संधी मिळाली नाही. हा भाग तेव्हा हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात होता. पुण्याचा प्रयोग आटोपला आणि त्यानंतर काही महिन्यांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. वास्तविक निजामाच्या राजवटीतील औरंगाबादचे रेडिओ केंद्र आकाशवाणीकडे आलेले होते. भाषा एक, पिकांच्या अडचणीही बऱ्याच सारख्या. आड आली ती राज्याची सीमा. श्रोता मंडळांची योजना देशभर लागू झाली ती 1959 मध्ये.

1962 च्या लोकसभा निवडणुकीत केसकर पराभूत झाले आणि मंत्रिपद गेले. पुढे ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले.